मधला डबा

बाईंचा माणसांवर विश्वास नव्हता. चादर पांढरी निघाली असं कुणी सांगितलं, तर त्या ती खिडकीशी नेऊन उजेडात धरत. डाग सापडला नाही, तर तो कुठे लपवलाय ते शोधत. ह्या नजरेवरच त्यांचा धुलाईचा कारखाना उभा राहिला होता. नवरा गेला तेव्हा दोन हौद आणि एक इस्त्री होती. आता दोन दवाखाने आणि चार अतिथिगृहं गिऱ्हाईक होती, सोळा बायका कामाला होत्या, आणि मागच्या मोकळ्या जागेत उन्हावर वीज करणारे पॅनल होते. शाळा म्हणाल तर दुसरीपर्यंत. आकडे फाडफाड वाचत, अक्षरांशी मात्र फारसं सख्य नव्हतं. पण लिहिणाऱ्याचा चेहरा त्यांना वाचता येत असे, आणि बाईंच्या मते तोच जास्त कामाचा.

पॅनल तीन तऱ्हेचे होते, कारण ते तीन खेपांना आले. पहिली खेप साधी. एकदा तिरकी ठोकली की जन्मभर तशीच. तिला सगळे बैठी रांग म्हणत. दुसरी जावयाच्या सल्ल्याने आली, ती फिरती रांग. लांबलचक लोखंडी नळीवर बसवलेले पॅनल सकाळी उगवतीकडे तोंड करत, दुपारी आडवे होत आणि संध्याकाळी मावळतीकडे झुकत. सगळ्यांना फिरवायला मधे एक मोटर आणि एक गिअर. तिसरी खेप म्हणजे खांबांवरची दोन सूर्यफुलं. ती उजवी-डावीकडेही वळत आणि वर-खालीही मान हलवत. एका कंपनीने ती नमुना म्हणून अर्ध्या किमतीत गळ्यात मारली होती.

बाईंचा एक नियम होता. जुना भाग आणून दाखवल्याशिवाय नव्या भागाला पैसे नाहीत. मोडलेला भाग त्यांच्या खोलीत यायचा, त्याला लेक चिठ्ठी बांधायची, तारीख, वार आणि कारण लिहून, आणि मग तो डब्यात पडायचा. साबणाच्या भुकटीचे तीन मोठे पत्र्याचे डबे कपाटाखाली ओळीने ठेवलेले होते. बैठीचा, फिरतीचा, सूर्यफुलांचा. बिलं खोटी करता येतात, मोडका लोखंडाचा तुकडा खोटा कसा करणार, असं बाई म्हणत. तरी त्यांनी त्याचाही विचार करून ठेवला होता.

त्या सोमवारी कंपनीचा माणूस तिसऱ्यांदा आला. बाईंनी त्याचं नाव कडकसाहेब ठेवलं होतं. त्याच्या शर्टाची कॉलर त्यांच्या कारखान्यातल्या कुठल्याही कॉलरपेक्षा कडक असे, आणि ही गोष्ट त्यांना पहिल्या भेटीपासून खटकली होती. इस्त्री दुसऱ्याकडे करून धुलाईवालीच्या दारात येणारा माणूस आणखी काय काय दुसरीकडे करत असेल, कोण जाणे.

मागच्या अंगणात वाळत घातलेल्या चादरींखालून तो वाकून आत आला, केस नीट केले आणि तिन्ही डबे बाईंच्या समोर मांडले. बैठीचा डबा हलवला तर दोन बोल्ट आणि उंदराने कुरतडलेली वायर वाजली, बस. सूर्यफुलांच्या डब्यात वारा मोजणारी एक फिरकी, एक सेन्सर आणि दोन बेअरिंगं निघाली. मधला डबा, फिरतीचा, तो दोन्ही हातांनी उचलावा लागला. दात झिजलेली गिअरं सात आणि जळक्या मोटरी दोन.

"बाई, हिशोब तुम्हीच मांडून ठेवलाय की," कडकसाहेब म्हणाला. "बैठी सांभाळायला स्वस्त. पाणी आणि फडकं, झालं. पण ती उन्हाच्या मागे जात नाही, म्हणून वीज कमी. सूर्यफूल सगळ्यात जास्त वीज देतं, आणि दुरुस्ती बघा, एवढीशी. ही मधली मात्र... हिची वीज बैठीपेक्षा थोडी जास्त, पण जेवढी जास्त देते तेवढी गिअरात खाऊन टाकते."

"कोण खातंय ते मी बघते," बाई म्हणाल्या.

"तुम्ही बांधताय त्या नव्या शेडसाठी सूर्यफुलंच घ्या. आणि सगळ्यांची देखभाल आमच्याकडे द्या. वर्षाला एक ठरलेली रक्कम. मोडलं तरी आमचं, जळलं तरी आमचं. घरातल्या माणसाला त्रास नाही."

घरातला माणूस म्हणजे जावई. देखभाल तोच बघत होता. बाईंना हे वाक्य बोचलं, आणि गोडही लागलं.

"शुक्रवारी या," त्या म्हणाल्या. "सहीचं तेव्हा बघू."

तो गेला. दारात चहाचा कप घेऊन लेक उभी होती. तिने कप टेबलावर ठेवला, आणि आवाज मुद्दाम हळू ठेवून बोलली.

"आई, तू सही केलीस की आम्ही निघू."

"कुठे निघालात?"

"ह्यांच्या भावाने तिकडे पंपांच्या कारखान्यात जागा बोलून ठेवलीय. राहायला खोलीसुद्धा."

"धमकी देतेस मला?"

"नाही. कळवतेय. तुला कुणी विचारलेलं आवडत नाही ना, म्हणून कळवतेय."

जीभ बाईंचीच, तोंड लेकीचं. बाईंनी चहा घेतला. त्यांना ही एकच मुलगी होती. ती नसली तर चिठ्ठ्या कोण लिहिणार, हे त्या स्वतःला सांगू लागल्या; पण चिठ्ठ्या लिहायला मोलाने माणूस मिळतो, हेही त्यांना माहीत होतं. संध्याकाळी समोर बसून जेवणारं माणूस मोलाने मिळत नाही, एवढं मनात आलं आणि त्यांनी तो विचार तिथेच चिमटीत चिरडला.

जावई घरात येऊन सहा वर्षं झाली होती. फिटर. हात काळे, नखं स्वच्छ. सहा वर्षांत त्याने बाईंना उलट उत्तर दिलं नव्हतं, आणि बाईंचा संशय नेमका तिथेच होता. इतकं कमी बोलणारा माणूस उरलेले शब्द ठेवतो तरी कुठे? जेवताना "आई, वाढू का?" एवढंच. त्याला उघड काही बोलायची सोय नाही, कारण जावई म्हटला की "अहो-जाहो" आलं, हसून बोलणं आलं. बाई आपल्या हसून बोलत, आणि पाठ वळली की त्याच्या बुटांना चिखल कुठला लागलाय ते बघत.

आणि कुठेतरी पाणी मुरत होतं हे नक्की. बैठीला तीन वर्षांत काही होत नाही, सूर्यफुलांना थोडं होतं, आणि जी रांग जावयाने सुचवली तीच सारखी मोडते? मोडली की नवा भाग. नवा भाग आणायला कोण जातो? जावई. जुना कोण आणून दाखवतो? जावई. चांगला गिअर बाहेर विकून भंगारवाल्याकडून झिजका उचलून आणत नसेल कशावरून?

म्हणून दोन महिन्यांपूर्वी बाईंनी सापळा लावला होता. धुलाईच्या प्रत्येक चादरीच्या कोपऱ्यावर गिऱ्हाइकाची खूण असते, न धुतली जाणाऱ्या काळ्या शाईची. तीच शाई घेऊन त्यांनी नव्या गिअरच्या आतल्या बाजूला, हात पोचणार नाही अशा जागी, एक बारीक टिंब दिलं, आणि गिअर गुपचूप खोक्यात परत ठेवला. आता मोडका म्हणून दुसराच गिअर आला, की जावईबापू पकडलेच.

गेल्या आठवड्यात गिअर मोडून आला. बाईंनी दार लावलं, भिंग घेतलं, आत बघितलं. टिंब होतं. आपल्याच हातचं, किंचित लांबट.

दुसरं कुणी असतं तर त्याचा जीव भांड्यात पडला असता. बाईंचा आणखी वर आला. म्हणजे चोरी नाही. म्हणजे हा माणूस स्वतःच गिअर मोडतोय! कशासाठी? कंपनीकडून काही मिळत असेल. किंवा, "आई, रांग जुनी झाली, आता अमुक घेऊ," असं म्हणायला वाट करत असेल. कारण सापडलं नाही म्हणून बाईंनी कधी संशय सोडला नव्हता.

मंगळवारी त्यांनी लेकीला बोलावलं. "मधल्या डब्यातल्या चिठ्ठ्या वाच. तारीख नको. नुसता वार."

लेकीने एकेक चिठ्ठी उलटी केली. "गुरुवार. गुरुवार. गुरुवार. हा शुक्रवार... नाही, मोडला गुरुवारी, काढला शुक्रवारी. गुरुवार." ती थांबली. "आई, सगळे गुरुवारच आहेत."

"गुरुवारी जावईबापू कुठे असतात?"

"तूच तर पाठवतेस! गाडीवाल्याची सुट्टी असते, म्हणून हे दोन्ही दवाखान्यांचा माल पोचवायला जातात. सकाळी नऊला जातात, सातला येतात." लेकीने आईच्या तोंडाकडे बघितलं. "म्हणजे मोडतो तेव्हा हे इथे नसतातच की. आता तरी?"

"आता तरी काय? स्वतः हजर असताना कोण मोडेल? आदल्या दिवशी काहीतरी करून ठेवायचं, आणि मोडायच्या वेळेला आपण गावभर फिरायचं. मी तरी तसंच केलं असतं."

"तू केलं असतंस," लेक म्हणाली, आणि चिठ्ठ्या डब्यात टाकून निघून गेली.

बुधवारी बाईंनी डोकं दुखतंय असं जाहीर केलं आणि वरच्या घड्यांच्या खोलीत जाऊन बसल्या. तिथे चादरींच्या घड्या छतापर्यंत रचलेल्या असत. दोन थप्प्यांमधल्या फटीतून मागचं सगळं अंगण दिसे. खाली कारखान्याची भिंत, भिंतीपासून फिरत्या रांगेच्या कडेपर्यंत चार दोऱ्या, दोऱ्यांवर दवाखान्याच्या ओल्या चादरी, पलीकडे बैठी रांग, आणि कोपऱ्यात ती दोन सूर्यफुलं, शेजारणींसारखी एकाच दिशेला माना वळवून.

साडेतीन वाजले. जावई मागच्या दाराने बाहेर आला. त्याने डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. वर खिडकीकडे बघितलं, तशा बाई थप्पीमागे सरकल्या. गुडघा कपाटावर आपटला, तरी हूं की चूं केलं नाही. मग तो फिरत्या रांगेच्या कडेला गेला. चादरींच्या आड नुसती त्याची पावलं दिसत होती आणि मधूनच कोपर. काहीतरी हाताने करत होता. तिथून पुढे सरकला, पुन्हा तेच. चार ठिकाणी. मग हात पॅण्टला पुसत, जसा आला तसा निघून गेला.

बाईंना इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. चार ठिकाणी बोल्ट सैल केले, आणि उद्या गुरुवार! त्या खाली आल्या तेव्हा डोकं दुखायचं थांबलं होतं. रात्रीच्या जेवणाला त्यांनी जावयाला आग्रहाने वाढलं. लेक संशयाने आईकडे बघत राहिली. ती गोष्टही घराण्यातलीच.

गुरुवारी नऊला गाडी निघाली. बाईंनी एक स्टूल उचललं आणि फिरत्या रांगेच्या पायाशी, मोटरच्या डब्याशेजारी नेऊन ठेवलं. हातात छत्री. आधी त्यांनी बोल्ट तपासले. एकूण एक घट्ट. पाना लावून बघितला, तरी घट्ट. मनात पाल चुकचुकली, पण त्या बसून राहिल्या. जाऊन जाऊन जाणार कुठे?

अकराच्या सुमारास पहिल्या धुण्याची टोपली घेऊन चिमटी आली. ही चादरी वाळत घालणारी बाई. तिच्या तोंडात कायम चार-पाच चिमटे धरलेले असत, म्हणून हे नाव, आणि म्हणून तिचं अर्धं बोलणं कुणाला कळत नसे. बाईंना स्टुलावर बघून ती दचकली.

"ऊं ऊं ऊं?" ती म्हणाली.

"तोंडातलं काढून बोल."

"म्हटलं, उन्हात का बसलात?"

"माझं ऊन, माझं स्टूल. तू तुझं काम कर."

चिमटीने काम केलं. भिंतीच्या आकड्यातून येणारी पहिली दोरी तिने पॅनलच्या कडेच्या लोखंडात ओवली, पाय रोवून अशी ओढली की तिच्या मानेच्या शिरा दिसल्या, आणि गाठ मारली. मग दुसरी, तिसरी, चौथी. दोऱ्या नायलॉनच्या, ट्रकचा माल बांधायच्या. बाईंनीच आणलेल्या. आधीच्या सुती दोऱ्यांना झोळ पडे आणि चादरींचे कोपरे मातीत घासत. झोळ दिसला तर दिवसाची रोजी कापीन, हा हुकूमही बाईंचाच. चिमटीने चादरी टाकल्या. ओल्या चादरींच्या वजनानेही दोऱ्या वाकल्या नाहीत. बाईंनी समाधानाने मान हलवली.

मग नुसतं बसणं. रांग फिरते म्हणतात, पण फिरताना दिसत नाही. बघितलं की थांबलेली, आणि जरा नजर वळवून पुन्हा बघितलं की वेगळी. बाईंना हा लबाडपणा वाटला. अकरा वाजता पॅनल जवळजवळ आडवे होते. दोनला मावळतीकडे कलले. भिंतीकडची कड हळूहळू वर उचलली गेली होती, आणि भिंतीपासून लांबही. तीन वाजता मोटर एकदा "घुर्र" करून थांबली. थोड्या वेळाने पुन्हा. आवाजात मघाशी नसलेली घरघर होती, चढ चढताना म्हातारं माणूस करतं तशी.

साडेतीन. बाई डोळ्यांत तेल घालून बघत होत्या, पण रांगेजवळ कुणी आलं नाही. पाखरूही नाही.

पावणेचारला मोटर पुन्हा चालू झाली, आणि डब्यातून आवाज आला. कट्. मग कट् कट्. बाईंनी तो आवाज कधी ऐकला नव्हता, तरी ओळखला. दात दातावर घसरत होता. बाई ताडकन उठल्या. कोण आहे? कुणीच नाही. डब्याला कुणाचा हात नाही, बोल्ट सगळे जागच्या जागी. मग रांगेला धरलंय कुणी?

त्यांनी आधारासाठी हात टेकला, तो नेमका दोरीवर. दोरी लोखंडाच्या कांबीसारखी लागली. बोटाने छेडली तर वाजली असती इतकी ताठ. बाईंनी दोरीवरून नजर नेली. ह्या टोकाला भिंतीचा आकडा, तो हलणार नाही. त्या टोकाला पॅनलची कड, ती वर जायला बघतेय आणि जाऊ शकत नाही. अशा चार. मधे चाळीस चादरी. सगळी रांग दावं लावलेल्या जनावरासारखी मान ओढत होती, आणि दावं त्यांच्याच हातचं होतं.

कट् कट् कट्.

"चिमटे!" बाई ओरडल्या. "आण गं, कात्री आण! घड्यांच्या खोलीतली मोठी!"

चिमटी धावत कात्री घेऊन आली. बाईंनी पहिली दोरी कापली. ती चाबकासारखी उडाली आणि दहा धुतलेल्या चादरी फट्दिशी मातीत पडल्या. दुसरी कापली. तिसरी. आवाज ऐकून इस्त्रीवाल्या बायका दारात आल्या आणि तिथेच खिळल्या. एका उशीच्या अभ्र्याला बोटाचा डाग दिसला तर घर डोक्यावर घेणारी ही बाई, हातात कात्री घेऊन दवाखान्याच्या चाळीस चादरी मातीत घालत होती. चौथी दोरी तुटली, तशी रांगेने एक हिसका खाल्ला, थरथरली, आणि मोटर एका साध्या, हलक्या आवाजात चालू झाली. पॅनल मावळतीकडे कलले. घसरणं थांबलं.

बाई स्टुलावर बसल्या. कात्री मांडीवर.

"रोज असंच होतं?" त्यांनी विचारलं.

चिमटीने तोंडातले चिमटे काढले. सगळे. "रोज नाही. जावईबापू साडेतीनला येऊन गाठी सैल करतात. तोवर चादरी बऱ्याच वाळलेल्या असतात, झोळ पडला तरी भुईला लागत नाहीत. गुरुवारी ते नसतात."

"मग गुरुवारी तू का करत नाहीस?"

"मी?" चिमटीने डोळे मोठे केले. "झोळ दिसला तर रोजी कुणाची कापणार? त्यांची?"

"आणि मला कुणी सांगितलं का नाही?"

ह्यावर चिमटीने चिमटे पुन्हा तोंडात घातले. पण बाईंना उत्तर आपोआप आठवलं. फिरती रांग बसवली तेव्हा दोऱ्यांचे जुने खांब उपटावे लागले होते. बाईंनी म्हटलं होतं, एवढं लोखंड उभं केलंय तर त्याला बांधा की दोऱ्या. नायलॉनच्या दोऱ्या आल्या त्याच आठवड्यात जावई येऊन उभा राहिला होता, सगळ्या बायकांसमोर. "आई, ह्या दोऱ्या इथून काढायला हव्यात," एवढंच बोलला होता. आणि बाई म्हणाल्या होत्या, "घरात जागा घेतलीत, अंगणात घेतलीत, आता माझ्या चादरींचीही घ्या." बायका हसल्या होत्या. बाईंना तेव्हा आपलं बोलणं झकास जमलं असं वाटलं होतं. उरलेले शब्द माणूस कुठे ठेवतो, ते आज त्यांना कळलं.

सातला जावई परतला तेव्हा हौदावर चाळीस चादरी दुसऱ्यांदा धुतल्या जात होत्या. तो मागे गेला, तुटक्या टोकांकडे बघून परत आला.

"जावईबापू," बाई त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, "उद्या सकाळी चार खांब रोवायचेत. भिंतीशी नको, पलीकडे. रांगेला हात लागता कामा नये."

"हो, आई."

"आणि गिअर उघडून बघा. दोन-तीन दात गेले असतील."

"बघतो."

"आणि..." बाई थांबल्या. "आणि जेवून घ्या. गार होतंय."

शुक्रवारी कडकसाहेब आला. आज वाकावं लागलं नाही, म्हणून क्षणभर तो अंगणात बावरला. आत येऊन त्याने कागद पसरले आणि पेनाचं टोपण काढून ठेवलं.

"साहेब, एक विचारू?" बाई म्हणाल्या. आवाज इतका मऊ होता की दारातली लेक सावध झाली. "मी अडाणी बाई. फिरत्या रांगेला समजा भिंतीपासून दोरी बांधली, तर चालतं का हो?"

"छे छे! मुळीच नाही. फिरणाऱ्या भागाला काहीच बांधायचं नसतं. गिअर जाईल, मोटर जळेल."

"असं होय. तुम्हाला कसं कळलं?"

"आमचं कामच आहे ते, बाई."

"मग माझ्या चार दोऱ्यांखालून तीन वेळा वाकून आलात," बाई म्हणाल्या, "तेव्हा ते काम कुठे ठेवलं होतंत?"

कडकसाहेबाची कॉलर तशीच उभी राहिली, पण मान आत गेली. "मला वाटलं... म्हणजे, तुमची काही व्यवस्था असेल..."

"व्यवस्थाच होती. तुमच्या सोयीची. मधला डबा भरत होता, आणि तुम्ही मोजत होतात. सूर्यफुलं चांगली दिसायला शेजारी कुणीतरी आजारी लागतं ना!"

"पण बाई, सूर्यफुलांचा खर्च तर तुम्ही स्वतः डब्यात—"

"दोन फुलांना चार भाग, आणि एका अख्ख्या रांगेला एक मोटर, एक गिअर. रांगेएवढी वीज करायला तुमची फुलं किती लागतील, दहा? मग त्यांचे भाग किती? दुसरीपर्यंतच शिकलेय, पण पाढे दुसरीतच असतात." बाईंनी कागद गोळा करून, कडा जुळवून, त्याच्या हातात दिले. "वर्षभर दोरीशिवाय मधला डबा भरू दे. मग तिन्ही डबे तोलून नव्या शेडचं ठरवीन. देखभाल घरातच राहील."

तो गेल्यावर त्याचं पेनाचं टोपण टेबलावरच राहिलं. बाईंनी ते खणात टाकलं. मागायला येतो का, बघायचं होतं.

मग त्यांनी कपाटामागून तुटक्या दोऱ्यांची मोळी काढली आणि मधल्या डब्यात कोंबली. बसेना, तर मुठीने दाबली. जावई मोडक्या दातांचा गिअर घेऊन आला होता, तो दाराशीच थांबला. लेकीने एकदा आईकडे आणि एकदा डब्याकडे बघितलं.

"हा भाग नाही, आई. ही दोरी आहे."

"मोडलं ते डब्यात जातं. चिठ्ठी लिही."

लेक बसली. तारीख घातली. वार घातला, गुरुवार. मग पेन थांबलं. "कारण काय लिहू?"

बाईंनी खिडकीकडे तोंड केलं. बाहेर रांग दुपारची आडवी झाली होती, कुणाचा हात नाही, कुणाची दोरी नाही. चिमटी नव्या खांबांवर चादरी टाकत होती.

"लिही, मालकिणीचा हट्ट."

पेनाचा आवाज आला. जावयाने गिअर खाली ठेवला, अगदी हळू, जणू तो वाजला तर काहीतरी बिघडेल.

"वाच बघू," बाई म्हणाल्या. लिहिलेल्यावर त्यांचा अजूनही विश्वास नव्हता.

"कारण, मालकिणीचा हट्ट."

"हं. अक्षर जरा मोठं काढ," बाई म्हणाल्या. "जावईबापूंना हल्ली लांबचं दिसत नाही."